विनोदाचा लांब पल्ला

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात खिडकीजवळ एक लोखंडी कपाट आहे. त्यावर खडूने ‘विनोदी’ असे लिहिलेले आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात एस.टी.ची वाट पाहण्याच्या निमित्ताने मी त्या कपाटातील पुस्तके एकेक करून चाळली. लेखसंग्रह सापडले, कथासंग्रह सापडले, फार्स आणि वगनाट्येही सापडली. कादंबऱ्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मराठी माणूस एवढा हसतो, मग तो अडीचशे पाने सलग का हसत नाही? हा प्रश्न मी मराठीच्या सरांना विचारला. सर म्हणाले, “तूच शोध आणि वार्षिकाला लेख दे.” प्रश्न विचारला की काम अंगावर येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. असो. त्या शोधातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

मराठीतील आधुनिक विनोदाची गोष्ट सुरू होते ती आपल्याच विदर्भातून, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म १८७१ मध्ये नागपूरचा. त्यांनी वकिली केली ती खामगाव आणि जळगाव-जामोद इथे. (‘बहु असोत सुंदर’ हे महाराष्ट्रगीत त्यांचेच, हे शाळेत आम्हांला कुणी सांगितले नव्हते.) त्यांचे ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० मध्ये पुस्तकरूपाने आले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तिघांना हाताशी धरून त्यांनी समाजातील खुळचट रूढींची टर उडवली. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लिहीत. ते १९१९ मध्ये वारले ते नागपूरजवळच्या सावनेरला. पुढे बडोद्याला पाली भाषा शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ चे. १९५८ मध्ये पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ आली.

ही सगळी नावे मोठी आहेत, पण हा विनोद आहे तो सुट्या लेखांतला आणि सुट्या गोष्टींतला. कोल्हटकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या, परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते पोहेच. याचे एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. विनोद छापला जाई तो मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून. संपादकाला आठ-दहा पानांचा मजकूर हवा असे आणि वाचकालाही फराळाबरोबर संपेल असेच काही हवे असे. पुढे १९६० नंतर कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव होऊ लागले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे स्टेजवर येऊन कथा सांगत आणि मांडवच्या मांडव हसत असे. तिथेही तास-दीड तासाच्या आत गोष्ट आटोपायला हवी.

दुसरे कारण विनोदाच्या पोटातच आहे. विनोदी कथेतल्या माणसाला बहुधा एक खोड असते. कुणी विसराळू, कुणी कंजूष, कुणी थापाड्या. लेखक त्या खोडीला काडी लावतो, फटाका वाजतो, आपण हसतो, गोष्ट संपते. हाच माणूस चाळिसाव्या पानावर पुन्हा तीच खोड घेऊन आला, तर आपण फारतर स्मित करतो, आणि शंभराव्या पानावर पुस्तक मिटतो. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, तो नकला फार सुरेख करतो. पहिल्या महिन्यात आम्ही पोट धरून हसलो. आता तो नक्कल करायला उभा राहिला की आम्ही घड्याळ पाहतो. कथाकाराला कादंबरीकडे जाताना नेमकी हीच भीती असते. ज्या हत्याराने तो आजवर जिंकत आला, ते लांबच्या पल्ल्यावर बोथट होते.

हा पल्ला गाठणाऱ्यांपैकी एक म्हणजे जयवंत दळवी. त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९२५ चा, गाव वेंगुर्ले तालुक्यातले आरवली. वृत्तपत्रांतून काम करून पुढे ते मुंबईत अमेरिकन माहिती खात्याच्या कचेरीत नोकरीला होते. ‘गहिवर’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९५६ चा. म्हणजे ते आधी कथाकार. १९६३ मध्ये त्यांची पहिली कादंबरी ‘चक्र’ प्रसिद्ध झाली. तिच्यात मुंबईतली झोपडपट्टी आहे आणि हसण्यासारखे फारसे काही नाही. तिच्यावर १९८१ मध्ये हिंदी चित्रपट निघाला, त्यात स्मिता पाटील होत्या. आणि ‘चक्र’च्या पाठोपाठ १९६४ मध्ये, एका वर्षाच्या अंतराने, त्याच लेखकाची ‘सारे प्रवासी घडीचे’ आली. कोकणातले एक गाव, तिथली वल्ली माणसे आणि पानापानावर हशा. पहिली कादंबरी गंभीर लिहून झाल्यावर माणूस दुसरी विनोदी लिहितो, ही गोष्ट मला फार नवलाची वाटली. सरांना विचारले, तर ते म्हणाले की झोपडपट्टीवर लिहायला जेवढा जवळून पाहणारा डोळा लागतो, तेवढाच गावावर हसायलाही लागतो.

‘सारे प्रवासी घडीचे’ वाचताना पहिली पन्नास पाने मला वाटत राहिले की ही कादंबरी नव्हेच. एक माणूस येतो, त्याच्या तऱ्हा सांगून होतात, मग दुसरा येतो. पावटे मास्तर आहेत, केशा चांभार आहे, आणखी कितीतरी आहेत. नायक कोण, नायिका कोण, शेवटी लग्न कुणाचे, यातले काहीच धड सांगता येत नाही. प्रश्नपत्रिकेत ‘कथानक थोडक्यात लिहा’ असे आले तर विद्यार्थी गोत्यात येतील. पण पुढे पुढे ध्यानात येते की दळवी कथाकाराचेच कसब वापरत आहेत, फक्त गोष्टी संपवत नाहीत. एका माणसाची गोष्ट हसून संपली असे आपल्याला वाटते, तोच तो माणूस दुसऱ्याच्या गोष्टीत कोपऱ्यात उभा असलेला दिसतो. तो आता थोडा म्हातारा झालेला असतो. एकाच्या फजितीचा साक्षीदार दुसरा असतो. असे करता करता माणसांची यादी राहत नाही, गाव होते.

आणि गाव झाले की त्यात काळ शिरतो. कथेत काळ नसला तरी चालते. एक दुपार, एक लग्न, एक फजिती पुरते. कादंबरीत वर्षे जातात, आणि वर्षे गेली की माणसे जातात. पुस्तकाच्या नावातच ते सांगून टाकले आहे. ज्यांच्यावर आपण हसत होतो ते एकेक करून गावातून, नाहीतर जगातूनच, निघून जातात. कोण कसा जातो ते मी इथे सांगत नाही. वाचणाऱ्याचा आनंद जाईल. एवढेच सांगते की मी एका पानावर खळखळून हसले आणि दोन पाने उलटल्यावर मला पुस्तक बाजूला ठेवून पाणी प्यावे लागले. त्या माणसाची खोड तीच होती. फक्त आता ती काढणारा कुणी उरला नव्हता.

पु. लं.नीही ‘बटाट्याची चाळ’च्या शेवटी ‘एक चिंतन’ लिहून असेच केले आहे. पण तिथे ते शेवटी येते. पडदा पडण्याआधी दिवे मंद करावेत तसे. दळवींच्या पुस्तकात हसू आणि हुरहूर एकाच ताटात वाढलेले आहेत, वेगळे करायला गेले तर दोन्ही सांडतात. मला वैयक्तिक हेच अधिक आवडले. चाळीचे चाहते रागावतील, रागावोत.

भाषेचे एक सांगितले पाहिजे. निवेदन आपल्या पुस्तकी मराठीत आहे, पण माणसे बोलतात ती मालवणीत. देवळीच्या मुलीला मालवणी कुठून येणार? पहिल्या दिवशी मी प्रत्येक संवाद दोनदा वाचला. पुस्तक घरी नेले होते. रात्री आई तूर निवडत बसली होती, तिला मी मोठ्याने वाचून दाखवू लागले. माझी मालवणी म्हणजे नुसता आनंदच. आई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “कोनत्या गावचं बोलनं होय वं हे?” मी म्हटले, समुद्राकडचे. मग ती काही बोलली नाही. तिसऱ्या पानावर मात्र ती माझ्या आधी हसली. शब्द तिला कळले नव्हते. माणूस कळला होता. “आपल्या इथलाच दिसते,” असे म्हणून तिने गल्लीतल्या एकाचे नाव घेतले. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात आहे.

या बोलीशी माझा स्वतःचा एक हिशेब आहे. तो सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. प्रथम वर्षाला असताना मी एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. भाषण पाठ होते. स्टेजवर गेल्यावर पाठ केलेले पहिले वाक्य सुटले आणि तोंडातून निघाले, “मी इथं बोलाले आली आहो.” सभागृहात हशा पिकला. त्यात दुष्टपणा होता असे आज म्हणणार नाही, पण त्यानंतर चार महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. घरी आईशीसुद्धा पुस्तकी बोलू लागले. ती घाबरून विचारायची, “तब्येत बरी आहे ना वं?”

आमची बोली विनोदासाठी वापरतात हे मला तेव्हापासून खुपत होते. नाटकात, सिनेमात, टीव्हीवर एखादे पात्र ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ म्हणाले की लोकांनी हसायचे, असा जणू नियमच आहे. दळवींचे पुस्तक हाती घेताना हीच धास्ती होती, की इथेही मालवणी बोलणाऱ्यांना हसायचे असेल. तसे झाले नाही. या पुस्तकात मालवणी बोलल्याबद्दल कुणी कुणाला हसत नाही, कारण सगळेच ती बोलतात. माणूस काय बोलतो आणि कसा वागतो यावर हसू येते. शिवाय सांगणारा ‘मी’ त्याच गावातला आहे. तो ओसरीवरच बसला आहे, मोटारीच्या काचेतून पाहत नाही. कथाकाराला आठ पाने बाहेर उभे राहून निभावता येते. अडीचशे पाने कुणी बाहेर उभे राहून हसू लागला, तर त्याचा तो तिरस्कार आहे हे वाचकाला कळून चुकते. माझ्या मते विनोदी कादंबरी अवघड का, याचे खरे उत्तर हे आहे. तिच्यासाठी लेखकाला त्या माणसांत वर्षानुवर्षे राहावे लागते, निदान मनाने तरी. दळवी नोकरीला मुंबईत होते, पण त्यांचे मन आरवलीत होते.

१९६४ या सालाची एक गंमत आहे. ज्यांच्या कथाकथनाने मांडव हसत असे, त्या शंकर पाटलांची ‘टारफुला’ ही कादंबरी त्याच वर्षीची. मी ती हसायच्या तयारीने उघडली. पण गावावर वचक असलेला पाटील गेल्यावर गावात सत्तेची जी पोकळी पडते आणि तिच्यापायी जे रामायण होते, त्याची ती अतिशय गंभीर कादंबरी आहे. म्हणजे कथेतून हसवणाऱ्याने कादंबरी गंभीर लिहिली, आणि गंभीर कादंबरी लिहिलेल्याने विनोदी. पाटलांनी असे का केले असेल? मला वाटते, गाव लांबून लांबपर्यंत पाहू गेले की त्यातली भांडणे, जमिनी आणि मारामाऱ्या दिसू लागतात आणि हसू मागे पडते. दळवींनी ते मागे पडू दिले नाही, हे त्यांचे कसब. त्याच सुमारास, १९६४ मध्येच, ‘ललित’ मासिक सुरू झाले आणि त्यात ‘ठणठणपाळ’ या नावाने दळवी साहित्यिकांची टोपी उडवू लागले. वसंत सरवट्यांनी काढलेला तो हातोडेवाला ठणठणपाळ जुन्या अंकांत पाहायला मिळतो. त्या सदराचा विनोद पुन्हा सुटा, महिन्या-महिन्याचा. एकाच माणसाला दोन्ही पल्ले जमत होते.

साहेबाच्या देशातही असेच झालेले आहे. चार्ल्स डिकन्स हा चोवीस वर्षांचा बातमीदार. त्याने आधी लंडनच्या रस्त्यांवरची छोटी शब्दचित्रे लिहिली. १८३६ मध्ये प्रकाशकांनी त्याला सांगितले की एका चित्रकाराच्या चित्रांना जोड म्हणून काही गमतीदार मजकूर दर महिन्याला लिहून दे. त्यातून ‘पिकविक पेपर्स’ ही त्याची पहिली कादंबरी झाली. ती १८३७ च्या अखेरपर्यंत हप्त्याहप्त्याने चालली. सुरुवातीला खप बेताचाच होता. सॅम वेलर नावाचा हजरजबाबी नोकर मधल्या एका हप्त्यात आला आणि लोकांच्या उड्या पडल्या. मला त्यातले लक्षात राहिले ते वेगळेच. सुरुवातीला ज्या लठ्ठ, भोळ्या पिकविकवर आपण हसतो, तोच पुढे कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात जाऊन बसतो आणि तिथली माणसे पाहून गप्प होतो. लांब पल्ल्यावर हसू आपोआप असे वळण घेते की काय, कोण जाणे. आमच्याकडे कर्ज म्हटले की कुणाला हसू येत नाही, म्हणून ती पाने मला चटकन कळली.

मराठीत पुढे श्याम मनोहरांनी हाच प्रवास निराळ्या रस्त्याने केला. ‘आणि बाकीचे सगळे’ हा कथासंग्रह १९८० चा आणि ‘हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव’ ही पहिली कादंबरी १९८३ ची. तिच्यातले हसू शहरी, मध्यमवर्गी, थोडे डोके खाजवायला लावणारे आहे. माझी अजून एकदाच वाचून झाली आहे. तिच्यावर लिहायला पुढचे वर्ष लागेल.

आता स्वतःचे सांगून संपवते. या वार्षिकासाठी मी आधी लेख लिहिणार नव्हते, एक विनोदी कथा लिहिली होती. ती माझ्या मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. मोठेबाबांनी आपल्या एका बैलाचे नाव ‘साहेब’ ठेवले होते. कारण विचारले तर म्हणायचे, दिवसभर साहेबाले शिव्या देता येतात. एकदा तलाठी शेताच्या धुऱ्यावर उभे असताना मोठेबाबांना ते दिसले नाहीत आणि ते पऱ्हाटीतून ओरडले, “अबे साहेब, तिकडं कायले मरून राह्यला? इकडं ये न बे!” तलाठी खरोखरच दोन पावले पुढे आले. ही गोष्ट आमच्या गावात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती सांगताना आता तलाठ्यांची पावले दोनाची सात झाली आहेत. माझी कथा तिथेच संपत होती. मैत्रिणींना वाचून दाखवली, त्या खूप हसल्या.

मग मी ती मोठेबाबांना वाचून दाखवली. तेही हसले. डोळे पुसत हसले. नंतर थोडा वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, “मंग साहेबाचं काय झालं, ते नाही लिवलं तुनं?”

साहेबाचे काय झाले ते गावाला ठाऊक आहे, पण ते कुणी सांगत नाही. २०१७ साली विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा आमच्याही शेतातली बोंडे आतून सडलेली निघाली. मी अकरा वर्षांची होते. त्या हंगामानंतर साहेब आणि त्याचा जोडीदार दोघेही बाजारात गेले. पुढच्या पोळ्याला मोठेबाबा घराबाहेर पडले नाहीत. आता वखरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते आणि ट्रॅक्टरला ते काहीच नाव ठेवत नाहीत.

मी कथा मागे घेतली आणि सरांना म्हटले की ही आता आठ पानांत बसत नाही. सर म्हणाले, “मग मोठी लिही, वेळ लागू दे. वार्षिकाला तोवर लेख चालेल.” तेव्हापासून वहीची सत्तावीस पाने झाली आहेत. साहेब अजून विकला गेलेला नाही, आत्ताशी त्याला झूल चढवते आहे. माणसे बोलतात ती आपल्या बोलीत. निवेदन कोणत्या मराठीत करावे हे ठरत नाही, त्यापायी पहिले पान चारदा फाडले.

आमच्या देवळीला रेल्वे आली ती २०२४ मध्ये, वर्धा-कळंब मार्ग सुरू झाला तेव्हा. त्या गाडीने मी एकदाच गेले, वर्ध्यापर्यंत, आणि सगळा वेळ समोरच्या बाकावरच्या दोन आजीबाईंचे भांडण ऐकत होते. तेही वहीत उतरवून ठेवले आहे.

दळवींचे पुस्तक मी ग्रंथालयात परत केले आहे. आमच्या प्रतीचे शेवटचे पान सुटे झालेले आहे, ते मी चिकटवले असले तरी जपून उलटावे. कपाट खिडकीजवळचे, खालून दुसरा खण.